विश्लेषण : गायक मंचावर चिडतो, तेव्हा जुना रसिक का दुरावतो?

एखाद्या गायकाची गाणी वीस-पंचवीस वर्षे सोबत असतात. एसटीच्या प्रवासात, लग्नाच्या हॉलमध्ये, रात्री अभ्यासाला बसल्यावर तीच वाजत असतात. मग एका संध्याकाळी तो गायक मंचावरून काहीतरी बोलतो. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो आणि त्यानंतर त्याचे गाणे लागले की बोट आपोआप पुढच्या गाण्याकडे जाते.

राग कलाकारालाही येतो. तो येऊच नये, अशी अपेक्षा कोणी करत नाही. तरीही काही कलाकारांचा राग रसिकांनी आयुष्यभर सोसला आणि काहींचे एक वाक्यही विसरले नाही. हा फरक कशाने पडतो? २०२५ मधील बंगळूरुचे प्रकरण आणि सांगली-सातारा पट्ट्याचा सव्वाशे वर्षांचा अनुभव शेजारी ठेवून पाहिला, तर उत्तर बऱ्यापैकी हाती लागते.

बंगळूरुमध्ये नेमके काय घडले?

एप्रिल २०२५ च्या अखेरीस बंगळूरुतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सोनू निगम यांचा कार्यक्रम होता. गर्दीतून एका तरुणाने कन्नड गाणे म्हणा, अशी मागणी लावून धरली. निगम यांनी गाणे थांबवले. आपण कन्नडमध्ये उत्तमोत्तम गाणी गायलो आहोत, इथले लोक आपल्याला घरच्यासारखे वागवतात, पण या मुलाचा सूर धमकीचा आहे, असे त्यांनी सुनावले. इथपर्यंत बहुतेकांना काही खटकले नसते.

पण त्याच ओघात पहलगाममध्ये जे घडले त्याचे कारण हेच आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यांच्या तोंडून गेले. २२ एप्रिलच्या त्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा जीव गेला होता आणि त्याला आठवडाही उलटला नव्हता. गाण्याची फर्माईश आणि दहशतवादी हल्ला एकाच वाक्यात आले.

पुढचे सगळे वेगाने घडले. कन्नड संघटनेच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला. कर्नाटक चित्रपट वाणिज्य मंडळाने ५ मे रोजी त्यांच्याशी असहकार जाहीर केला. एका कन्नड चित्रपटातून त्यांच्या आवाजातील गाणे वगळण्यात आले. मधल्या काळात, धमकावणारे चार-पाच जणच होते, असा खुलासा त्यांनी केला होता. शेवटी ५ मे रोजीच त्यांनी कर्नाटकाची माफी मागितली. १५ मे रोजी उच्च न्यायालयाने, तपासाला सहकार्य केल्यास कठोर कारवाई करू नये, असा दिलासा दिला.

हे गायक कर्नाटकाला नवखे नव्हते. २००६ च्या 'मुंगारु मळे' या चित्रपटातील त्यांच्या गाण्याने एक आख्खी कन्नड पिढी वेडी झाली होती. म्हणजे दुखावला तो परका श्रोता नव्हता. सर्वांत जुना आणि सर्वांत जवळचा रसिक दुखावला.

सांगली-साताऱ्याचा याच्याशी काय संबंध?

संबंध जवळचा आहे. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्व भागात घराघरांत कन्नड बोलली जाते. कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधील गावांवर दावा सांगितला, तेव्हा हा भाग देशभर बातम्यांत होता. उद्या जतच्या एखाद्या मंचावर कोणी कन्नड गाणे मागितले किंवा बेळगावात कोणी मराठी गाणे मागितले, तर मंचावरचा माणूस काय बोलतो, याला इथे खरोखर वजन आहे.

संगीताच्या बाबतीत मात्र ही सीमा कधीच पक्की नव्हती. उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे. ते मिरजेत स्थायिक झाले आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे. सवाई गंधर्वांचे शिष्य पं. भीमसेन जोशी गदगचे. त्यांनी मराठी अभंग आणि कन्नड दासपदे सारख्याच तन्मयतेने गायली. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही गवई-वादक हजेरी लावतात. तिथे कोणाची मातृभाषा कोणती, हे कोणी विचारत नाही.

त्यामुळे या पट्ट्यातील रसिकाला गायकाच्या भाषेचे फारसे अप्रूप नाही. गायक कसा वागतो, याकडे मात्र त्याचे बारीक लक्ष असते.

इथल्या रसिकाची अपेक्षा घडली कशी?

या दोन जिल्ह्यांत तीन वेगवेगळ्या मंचांनी रसिक घडवला. प्रत्येक मंचाचा रिवाज वेगळा होता.

पहिला मंच बैठकीचा. साताऱ्यातील खटाव तालुक्यातल्या औंधला अंतूबुवा जोशी यांनी गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये संगीत महोत्सव सुरू केला. अशा ठिकाणी गवई काय गायचे ते स्वतः ठरवतो. श्रोता शांत बसतो, जमेल तिथे दाद देतो. मध्येच उठणे, बोलणे हा आगाऊपणा मानला जातो. गवयाने त्यावर भुवई उंचावली, तर चूक श्रोत्याची धरली जाते.

दुसरा मंच नाटकाचा. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले. पुढे याच जिल्ह्यातल्या नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांनी महाराष्ट्राला वेड लावले. नाटकात प्रेक्षक 'मायबाप' असतो. त्याने 'वन्समोअर' दिला की पद पुन्हा म्हणायचे. १९११ मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी त्यांनी प्रयोग रद्द केला नाही. प्रेक्षकाला दिलेला शब्द इतका मोठा मानला जाई.

तिसरा मंच लावणी-तमाशाचा. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या गेल्या. या परंपरेत फर्माईश हा कार्यक्रमाचाच भाग असतो. गर्दीतून कोणी काही ओरडले, तर उत्तर तयार असते. सोंगाड्या एका वाक्यात आगाऊ माणसाला गप्प करतो आणि सगळा फड हसतो. अपमान झाला तरी तो त्या एकट्याचाच, आणि तोही हसत घेतो.

आजच्या मोठ्या कॉन्सर्टमध्ये हे तिन्ही मंच एकमेकांत मिसळले आहेत. गायकाला बैठकीची शांतता हवी असते. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला नाटकाचा वन्समोअर हवा असतो. पुढच्या रांगेतल्या पोरांना फडातली फर्माईश हवी असते. आज कोणता रिवाज चालणार, हे कोणीच कोणाला सांगितलेले नसते. ठिणगी पडते ती इथे.

किशोरीताईंचा राग रसिकांनी का सोसला?

गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्या रागाचे किस्से महाराष्ट्राला पाठ आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध किस्सा काश्मीरमधल्या मैफलीचा. गाणे सुरू असताना एका उद्योगपतीच्या पत्नीने पान मागवले. किशोरीताई थांबल्या आणि आपण काय कोठ्यावर गायला बसलो आहोत का, अशा अर्थाचे खडे बोल त्यांनी सुनावले. त्यांना 'तऱ्हेवाईक' म्हणणारे पुष्कळ होते. पण २०१७ मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांच्या मैफलीला गर्दी करणारा वर्ग टिकून होता.

या रागाचे मूळ त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले होते. आई मोगूबाई कुर्डीकर यांच्यासोबत त्या दौऱ्यांवर जात. तेव्हा कलावंत बाईला कशी वागणूक मिळते, हे त्यांनी लहानपणीच पाहिले. साधा प्रवास आणि राहण्याची नीट सोय नाही, असे ते दिवस होते. आपण गाऊ, तेव्हा हे चालवून घ्यायचे नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवले. या घराण्याचा धागाही सांगलीतून जातो. मोगूबाई सांगलीत असताना उपचारांसाठी तिथे आलेल्या उस्ताद अल्लादिया खाँ यांनी त्यांचा रियाज ऐकला आणि त्यांना शिकवायला घेतले.

म्हणजे किशोरीताईंच्या रागाला कारण होते आणि ते रसिकाला ठाऊक होते. तो राग ज्याने आगळीक केली त्याच्यावरच निघे आणि बहुधा तो माणूस वजनदार असे. मागच्या रांगेतल्या शांत श्रोत्याला तो राग आपल्यावर काढलेला वाटत नसे. उलट, आपल्या मनातले बोलल्या, असेच वाटे.

बंगळूरुमध्ये याच्या नेमके उलटे झाले. आगळीक एका पोराची, पण त्याच्यासोबत जे काही जोडले गेले त्याने हजारो लोकांना आपल्याकडेच बोट दाखवल्यासारखे वाटले. बाकी सगळे प्रेमळ आहेत, हे त्याच भाषणातले वाक्य मग कोणाच्या लक्षात राहिले नाही.

मिरजेतल्या एका रागाचे काय झाले?

रागातून काय घडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मिरजेतच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर तिथे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकत होते. त्यांच्या चरित्रांत येणारा प्रसंग असा : एका समारंभाचे निमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून विष्णुबुवांना आले, पण गुरूंना आले नाही. कारण ते 'गवई' होते. गवयाची समाजात किंमत ही एवढीच, हे त्यांच्या मनाला लागले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

त्यांनी हा राग कोणा श्रोत्यावर काढला नाही. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या पैशांवर चालवले. गवयाला वेळेची शिस्त, स्वच्छ पोशाख, ताठ मान दिली आणि श्रोत्यालाही ऐकायची शिस्त लावली. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. त्याचे कार्यालय मिरजेत आहे. ज्या गावात गुरूचा मान राखला गेला नाही, त्याच गावातून हजारो मुलांच्या संगीत परीक्षांचा कारभार चालतो.

मंचावर असे काय होते की डोके फिरते?

समोर बसलेल्याला जे ऐकू येते, ते गायकाला येत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

- टाळ्यांचा उशीर : आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ५० मीटरवर उभ्या असलेल्यांपर्यंत गाणे पोहोचायला ०.१५ सेकंद आणि त्यांची टाळी परत यायला आणखी ०.१५ सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे लोक बरोबर टाळी वाजवतात, पण गायकाच्या कानावर ती अर्ध्याहून जास्त मात्रा उशिरा आदळते. हजारो लोक सतत बेताल टाळ्या देताहेत, असे त्याला ऐकू येते.

- स्वतःचाच आवाज न येणे : मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात. गायकाला स्वतःचा सूर कळतो तो पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून किंवा कानातल्या यंत्रातून. मॉनिटर नीट नसेल, तर तो अंधारात चालल्यासारखा गातो. आवाज वाढवा म्हणावे, तर माइक शिट्टी मारतो.

- वाद्याचा सूर उतरणे : तंबोरा लाकूड, भोपळा आणि तारांचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण उत्तम तंबोराही वातानुकूलित खोलीतून तापलेल्या दिव्यांखाली आणला की उतरतो. तो जुळवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात समोर चुळबुळ सुरू होते.

- मोबाइलचे दिवे : डोळ्यांसमोर चेहऱ्यांऐवजी पडदे असतात. लोक ऐकत आहेत की फक्त चित्रीकरण करत आहेत, हे गायकाला कळत नाही.

हे सगळे खरे आहे आणि त्याने राग समजतो. पण त्याने प्रत्येक वागणे माफ होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भिलाईतील महाविद्यालयात आदित्य नारायण यांनी एका चाहत्याचा मोबाइल हिसकावून गर्दीत भिरकावला. मॉनिटर खराब होता म्हणून असे केले, असे म्हणून भागत नाही.

आयोजक या सगळ्यात कुठे असतात?

बहुतेक वेळा पडद्याआड. मार्च २०२५ मध्ये मेलबर्नला नेहा कक्कर कार्यक्रमाला सुमारे तीन तास उशिरा आल्या आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यांनी नंतर आयोजकांवर ठपका ठेवला. आयोजकांनी उलट त्यांच्यावरच ठेवला. खरे-खोटे काहीही असो, प्रेक्षकाला दिसला तो गायिकेचाच चेहरा.

आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. कार्यक्रम सातचा असतो. मग दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाच-सहा भाषणे होतात. गायकाच्या हातात माइक येतो तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. राज्य सरकारने ठरवलेल्या, वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांपुरतीच मध्यरात्रीपर्यंत सवलत असते. रंग भरतो तोच पोलिस येतात, लोक ओरडतात आणि शिव्या गायकाला बसतात.

फर्माईशी कोणी घ्यायच्या, चिठ्ठ्या कोणाकडे द्यायच्या, कोणत्या भाषेतली किती गाणी होतील, मोबाइल चालेल की नाही, हे निवेदकाने सुरुवातीलाच दोन मिनिटांत सांगितले, तर निम्मी भांडणे होणार नाहीत. ही जबाबदारी आयोजकांची आहे. ती ते गायकाच्या अंगावर सोडून देतात.

परदेशात काय अनुभव आहे?

तिथेही गोष्ट वेगळी नाही. ६ जुलै १९७७ रोजी मॉन्ट्रियलमध्ये पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स मंचाजवळच्या एका चाहत्यावर थुंकले. आपण हे काय केले, याचा त्यांना स्वतःलाच धक्का बसला. कलाकार आणि श्रोता यांच्यात उभी राहिलेली ही भिंत काय आहे, या विचारातून १९७९ चा 'द वॉल' हा अल्बम आला. चूक लपवण्याऐवजी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले.

अमेरिकी पियानोवादक कीथ जॅरेट यांनी २००७ मध्ये इटलीतल्या पेरुजा येथे फोटो काढणाऱ्यांना शिव्या घातल्या आणि महोत्सवाने त्यांच्यासाठी दार बंद केले. २०१३ मध्ये ते पुन्हा तिथे आले, पण फोटोंवरून पुन्हा बिनसले. शांततेची त्यांची मागणी रास्तच होती. पण ऐकायला आलेले लोकही त्या शिव्यांच्या माऱ्यात सापडले.

याच्या दुसऱ्या टोकाला पं. रविशंकर. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठीच्या मदत कार्यक्रमात त्यांनी सतार जुळवली आणि लोकांनी तेच वादन समजून टाळ्या वाजवल्या. जुळवणे एवढे आवडले, तर वादन आणखी आवडेल, अशी मिश्कील टिप्पणी करून ते वाजवू लागले. श्रोत्याचे अज्ञान उघडे पडले, पण कोणी दुखावले नाही.

माफीने काम भागते का?

भागते, पण ती वेळेवर आणि सरळ असेल तर. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला', 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' अशा वाक्यांना माफी म्हणत नाहीत. सोनू निगम यांनी आधी खुलासा केला आणि मग माफी मागितली. शेवटचे ते छोटे, साधे निवेदन पहिल्याच दिवशी आले असते, तर गोष्ट इतकी चिघळली नसती. खुलाशात आपण बरोबर होतो, हे सांगायचे असते. माफीत समोरच्याला लागले, हे मान्य करायचे असते. रसिकाला दुसरे हवे असते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फर्माईश म्हणजे हुकूम नव्हे. तिकीट काढले म्हणजे गायक विकत घेतला, असे होत नाही. भाषेवर प्रेम असेल, तर गाणे मागायची रीतही त्या भाषेला शोभेल अशी हवी. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून वीस वर्षांचे नाते तोडण्याआधी त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन मिनिटे पाहायलाही हरकत नसावी.

मग फरक कशाने पडतो?

एवढ्या उदाहरणांतून तीन प्रश्न उरतात. राग कोणावर निघाला : आगळीक करणाऱ्यावर की सगळ्यांवर? शिक्षा चुकीएवढी होती की कैकपट मोठी? आणि नंतर कलाकाराने काय केले? किशोरीताई पहिल्या प्रश्नावर तरल्या. वॉटर्स तिसऱ्यावर सावरले. विष्णुबुवांनी तर दुसरा प्रश्न उद्भवूच दिला नाही. बंगळूरुमध्ये पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चुकली आणि तिसऱ्याचे उशिरा आले.

सांगली-साताऱ्यात दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, यात्रा आणि महाविद्यालयांची स्नेहसंमेलने दरवर्षी होत राहणार. गर्दीत एखादा आगाऊ पोरगाही असणारच. त्याला गप्प करायचा हक्क मंचावरच्या माणसाला आहे. त्या पोराच्या शेजारी बसून निमूटपणे ऐकणाऱ्या बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव जणांना त्यात ओढायचा हक्क मात्र कोणालाही नाही, मग आवाज कितीही मोठा असो.